शेवटून दुसरं नाव

—न्हाई न्हाई वकीलबाई, डबी उलटी करा. फुडं काय बी छापत्यात. दवाचा थेंब, काचेवानी चेहरा, कोरफडीचं पान— फुडचं वाचून कुनाचं भलं झालंय? खरं काय ते मागं असतंय, मुंगीएवढ्या अक्षरात. लावा, चष्मा लावा, हितं लाजायला कोन हाय, मी बी लावते. आता बगा, दीपमालाची केस तुमी चालवनार, कंपनीचा वकील टाय घालून तुमच्यासमोर हुबा ऱ्हानार, आन् ह्या डबीत काय हाय तेच तुमाला ठावं न्हाई— मंग कसं व्हायचं? बसा. ती खुर्ची डुगडुगती, ही घ्या. च्या ठेवलाय. आन् एक आदीच सांगते, म्हंजी पिंपरीहून म्हाळुंग्यापतुर हेलपाटा फुकट गेला असं नंतर म्हनाया नको— मी तिला सांगितलं होतं. तोंडानं सांगितलं होतं. चौकशीत हेच बोलले, कोर्टात बी हेच बोलनार. तिची नोकरी गेली ती तिच्या इसरभोळेपनानं गेली, माज्यामुळं न्हाई. तुमी म्हनला डबीचं समजून घ्यायचंय, तर मी डबीचं सांगते. बाकी काय इचारू नका.

पयलं नाव पानी. कायम पयलं पानीच. ॲक्वा लिवलं की लोकांना वाटतं काय तरी भारी हाय— पानीच ते, शुद्ध करून घेतलेलं. ही यादी वजनानं असती. जे जादा ते आदी. पार एक टक्क्यापतुर असं उतरत यायचं, आन् त्याच्या खाली गेलं की मंग कुनाला कुटं बी बसवा, कायदा काय म्हनत न्हाई. म्हनून ते कोरफडीचं पान फुडं केवढं दावलंय, आन् मागं कोरफड कुटं हाय बगा— सापडली? तितं, पार बुडाकडं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुसरं ग्लिसरीन, त्याच्या फुडं ब्युटिलिन ग्लायकोल. ह्येंचं काम एकच— पानी धरून ठेवायचं. डबीवर हायड्रेटिंग म्हन्त्यात ते हेच, कातड्याला पानी पाजायचं आन् ते जाऊ द्यायचं न्हाई. तेल न्हाई ह्यात. म्हनून डबीतला भिजलेला कापसाचा पॅड तोंडावर फिरवला की ओल असतानाच वरनं क्रीम लावायचं, न्हाईतर दिलेलं पानी उडून जातंय. त्या वाकडच्या आयटीतल्या पोरी पॅड फिरवत्यात, क्रीम लावत न्हाईत, दिवसभर एसीत बसत्यात, आन् सांजच्याला म्हन्त्यात तोंड तानतंय, माल खराब. माल न्हाई खराब, वाचायची अक्कल— जाऊ द्या. फुडं नायसिनामाइड, ते जीवनसत्त्वच हाय एक, डाग फिके करतंय म्हन्त्यात. पँथेनॉल आग शमवायला. सायट्रिक ॲसिड, लिंबात असतंय तेच, पन हितं चिमूटभर, आंबटपना बरोबर राखायला, तोंड सोलायला न्हाई. ...कुनी शिकवलं म्हंजी? अठरा वर्सं काढली मी त्या लाईनीवर. अठरा वर्सांत भितीला बी पाठ झालं असतं.

बरं, भितीला न्हाई झालं. मला बी न्हाई. खोटं कशाला बोलू— बारा वर्सं मी पिशव्यांच्या चिठ्ठ्या बगून माल टाकला. निळी चिठ्ठी, पिवळी चिठ्ठी, हिरवी चिठ्ठी. ह्या रंगानंतर त्या रंगाची, एवढंच. दहावीला दोनदा बसलेली बाई मी, माजा काय संबंध ग्लायकोलशी? हे दीपमालानं शिकवलं. घ्या, लिवा. ती लातूरकडची, कॉलेजात सायन्सला होती, दोन वर्सं झाली आन् लगीन लावून दिलं. नवऱ्याला हितं चाकनला काम लागलं म्हनून ही आली. आमीच भाड्यानं दिलेल्या रूममध्ये ऱ्हायची, ही काय समोरची रांग, कडंची खोली, आता बिहारी पोरं हायेत त्यात. सांजच्याला ओट्यावर बसायची डबी घेऊन. म्हनायची, "काकू, आपण रोज बनवतो ते काय आहे ते आपल्याला माहीत नको?" आन् एकेक नाव मला वाचायला लावायची, शाळेतल्या पोरीसारखं. मी चिडायची. आन् दुसऱ्या दिशी ती परत डबी घेऊन बसायची. सहा वर्सं. माज्या सख्ख्या भनी आळंदीला हायेत, त्या सहा वर्सांत सहा सांजा बसल्या नसतील माज्याजवळ.

आता तुमी म्हनाल, एवढं होतं तर मंग— थांबा. आमचं सांगते आदी, ते बी समजून घ्या. ती कंपनी जितं हुबी हाय तितं आमचं ज्वारीचं रान होतं. जमिनी घेतल्या तवा घरटी एक नोकरी दिली, आमच्यात मला मिळाली. परमनंट. माजे दीर सोपानराव, त्येंच्या बसा लागल्यात कंपनीला, शिफ्टच्या मानसांची ने-आन करत्यात. तवा आमी गाववाले. आमाला साहेब बी "शालनताई" म्हनूनच हाक मारतो. आन् दीपमाला काँट्रॅक्टवर. सहा वर्सं झाली तरी काँट्रॅक्टवरच, दर अकरा महिन्यांनी कागद नवा. ती आन् मी एकाच टाकीवर, एकाच शिडीवर, मी पयल्या शिफ्टला, ती दुसऱ्या. काम तेच. पन मी टाकीवर चढले तर शालनताई, ती चढली तर "ए दीपमाला". कुनी केलं असं? मी न्हाई केलं. मी आले तवापासनं असंच हाय.

आता ह्या नावावर बोट ठेवा. शेवटून दुसरं. फिनॉक्सीइथेनॉल. त्याच्या मागं एक परफ्यूम ऱ्हातो, बस. ह्येच्यावरच तुमची समदी केस हाय. हे काय करतं? तोंडाला काय बी करत न्हाई. गोरं करत न्हाई, मऊ करत न्हाई. हे डबी टिकवतं. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाया दुकानात जाऊन म्हन्त्यात, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं द्या. अवो, डबीत पानी हाय, ओला कापूस हाय, सत्तर पॅड हायेत, रोज कुनीतरी बोटं घालनार— त्यात हे नसलं तर आठवड्यात बुरशी धरंल. ओलं फडकं मोरीत चार दिस ठेवून बगा. फुडची मोठमोठी नावं नसली तरी चालतंय, हे न्हाई चालत. टक्काभर बी नसतंय, पन त्या टक्क्यावर बाकी समद्यांची अब्रू हाय. व्हय, हे बी तिचंच बोलनं. तिचं ऱ्हायलंय तोंडात, काय करू.

तर टाकीत पानी आन् ग्लिसरीन तापवायचं, सत्तर डिग्रीपतुर. बाकीचं त्यात इरघळलं की मंग थंड करायचं, आन् चाळीसच्या खाली आलं की मंगच हे टाकायचं. आमच्या हितं तसाच नेम हाय. थंड करायचं मशीन जुनं. थंडीच्या दिसांत अडीचला माल चाळीसवर येतोय, उन्हाळ्यात चार वाजले तरी येत न्हाई. आन् शिफ्ट सुटती तीनला. तीन पाचला बस हलती— दिराची बस, पन माज्यासाठी बी थांबत न्हाई, चाकन चौकात अडकली की मंग दोन तास. मंग आमी काय करायचो? बॅचची शीट आदीच पूर्ण करून ठिवायचो. "प्रिझर्व्हेटिव्ह टाकलं, दोन चाळीस, तापमान अडतीस, शालन." सही. आन् ह्येचा भरलेला कॅन ठिवायचा शिडीपाशी, आन् दुसऱ्या शिफ्टच्या बाईला तोंडानं सांगायचं— "ह्येचं राहिलंय ग, थंड झालं की ओत." ती ओतायची. आदी सही, मागनं काम. समदे करायचे. मी एकटी न्हाई, केसरबाई करायची, रुपाली करायची, दीपमाला बी रातपाळीच्या बाईला असंच सांगून जायची. साहेबाला ठावं होतं. त्येला कोरा रकाना चालत न्हाई, कोऱ्या रकान्यावर त्येचा साहेब बोलतो. उंटावरनं शेळ्या हाकनारी मानसं, त्येंना टाकीजवळ कवा यायचंय. कागद भरलेला हवा, बस. अठरा वर्सं असं चाललं आन् एकदा बी चुकलं न्हाई, कारन सांगायचं कुनी इसरलं न्हाई.

मेमधली ती बॅच. मी सही केली, कॅन ठिवला, सांगितलं— सांगितलं म्हन्ते ना— आन् गेले. दीपमाला आली, तिनं शीट बगितली. शीटवर टाकलंय म्हनून हाय. कॅन भरलेला. तिला वाटलं फुडच्या बॅचचा हाय, लवकर काढून ठिवलाय. तिनं तो उचलून स्टोअरला परत नेला. आता तुमीच सांगा, कागद म्हनतोय टाकलं, मंग तिनं अजून एकदा टाकायचं का? दुप्पट झालं असतं तर लोकांची तोंडं जळली असती. तिनं कागदावर इश्वास ठिवला. कुनी बी ठिवला असता. मी बी— न्हाई, मी तिची बाजू घेत न्हाई. जे झालं ते सांगते. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतंय, दीपमाला कॅन घेऊन चाललीय. चौकशीत चार वेळा लावला तो व्हिडिओ. लॅबमध्ये सापडायला हवं होतं म्हनाल, तर लॅबचा निकाल यायला पाच दिस, आन् माल दुसऱ्या दिशी ट्रकात. निकाल आला तवा तो कुनी वाचला, का न्हाई वाचला, ते देवाला ठावं.

जूनच्या शेवटाला डब्या परत यायला लागल्या. झाकन उघडलं की आंबूस वास, कापसावर काळे ठिपके. तितवर ठीक होतं, माल परत घेतला असता. पन वाकडची एक पोरगी, आयटीतली, डोळ्यांखाली पॅड ठिवून झोपली. पंधरा मिंटं ठिवा म्हनून डबीवरच लिवलेलं हाय. तिचा डोळा गेला न्हाई, पन महिनाभर दवाखाना झाला, आन् तिच्या बापानं नोटीस धाडली. मंग कंपनीला मानूस दाखवायचा होता. चौकशीत मला एकच गोष्ट इचारली. सही आदी का केली, हे कुनी इचारलं न्हाई— इचारलं तर साहेबापतुर जातंय ना. इचारलं एवढंच, "शालनताई, तुम्ही दीपमालाला तोंडी सांगितलं होतं का?" आन् साहेब माज्याकडं असा बगत होता, म्हंजी उत्तर त्येनंच ताटात वाढून ठिवल्यावानी. मी म्हनलं, व्हय, सांगितलं होतं. झालं. "तोंडी सूचना असूनही निष्काळजीपणा." तिचा गेटपास काढून घेतला. आता ह्या पट्ट्यात तिला कुनी घेत न्हाई, म्हाळुंग्यात न्हाई, खालुंब्र्यात न्हाई. काँट्रॅक्टरवाले एकमेकांला नाव कळवत्यात. वाकडला टावरमध्ये संडास-बाथरूम धुती म्हन्त्यात. तितं बाथरूमच्या फळीवर ह्याच डब्या असतील. पुसून परत ठिवत असंल.

...हे? हे मधलं? ते काय इशेष न्हाई, ते सोडा. व्हय, मी मघाशी गाळलं ते, यादी लांब हाय, येखादं गळतंय. सोडियम हायलुरोनेट. बोट कशाला ठिवून बसलाय त्याच्यावर? सांगते. हे बी पानी धरनारंच, आपल्या अंगात असतंय, कातड्यात, सांध्यात. हायलुरॉनिक ॲसिड म्हन्त्यात ना, त्येचंच हे मीठ. डबीवर फुडं ॲसिड लिवत्यात, मागं हे. नावात ॲसिड असलं तरी ते जाळत न्हाई, सोलत न्हाई, उलट ओल देतंय. कळलं? मला नव्हतं कळलं. ॲसिड म्हनलं की मला बॅटरीचं ठावं. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिशी मुंबईचे खरेदीवाले पावणे आले होते, शिफ्ट बदलायच्या टायमाला, म्हंजी दोनी शिफ्टच्या बाया हुब्या. त्यात एक बाई, लई गोड बोलायची, ती मला म्हनली, "तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या ना? मग सांगा, हे हायलुरॉनिक ॲसिड काय करतं?" आन् मी छाती काढून सांगितलं, "मॅडम, ते ॲसिड हाय, मेलेली कातडी सोलून काढतं." आन् दीपमाला हसली. हसली आन् म्हनली, "नाही हो काकू, किती वेळा सांगितलं, ते सोलत नाही, ते पाणी धरतं." चारचौघींत. आन् मंग तिनं धडाधडा समदं सांगितलं त्या बाईला, इंग्रजीत बी दोन वाक्यं बोलली. पावणे खूश. साहेब म्हनला, "अरे वा, दीपमालाला लाईन लीडर करायला पाहिजे, परमनंट करून टाकू." माज्या बाजूला केसरबाई तोंडावर पदर धरून हसत होती.

तुमी हसू नका. तुमाला न्हाई कळायचं ते. ज्या रानात माज्या सासऱ्यानं बैल हाकले, त्या रानात माज्याच खोलीत ऱ्हानारी बाई मला शिकवती, लोकांच्या फुडं, हसत. तिच्या मनात काय नसंल, असं रुपाली म्हन्ती. नसंल. मी काय तिच्या मनात जाऊन बगितलं? सांजच्याला ती आली ओट्यावर डबी घेऊन, जसं काय झालंच न्हाई. मी आत गेले आन् दार लावून घेतलं. त्या दिसापासनं आजपतुर मी तिच्याशी एक शब्द बोलले न्हाई. एक न्हाई. दाराला दार होतं, कंपनीत शिडीला शिडी, समोर आली तरी मी भितीकडं बगायची. ती काकू, काकू करायची. मी बोलनं तोडलं की तोडलं, आमच्या माहेरात समदी तशीच हायेत. काय द्यायचं-घ्यायचं असलं तर रुपालीच्या हातनं. गेटपास काढला त्या दिशी माज्या दारात येऊन रडली, तवा बी मी—

...काय झालं? पेन का थांबलं? लिवा की.

ते कशाला लिवलं? ते डबीचं न्हाई, ते आमचं घरचं हाय. खोडा ते. ...तृतीया कवा होती, बॅच त्येच्या नंतर किती दिसांनी, ते कशाला मोजताय? खोडा म्हन्ते ना! बोलले न्हाई म्हंजी— गप्पा मारल्या न्हाईत. कामाचं बोलनं वेगळं. कामाचं बोलनं काय बोलनं असतंय का? कॅनकडं बोट केलं होतं मी. मान हलवली होती अशी. तिनं बगितलं होतं. बगितलं असंल. ...पाठ होती तिची. हातमोजे घालत होती. मला वाटलं, एवढी शानी हाय, इंग्रजी बोलती, तिला कळंल आपलं आपन. बस हॉर्न मारत होती. आन् मी शिडीवरनं उतरून चपला घालत होते, तवा ती वळली. वळली आन् म्हनली, "काकू, काही राहिलंय का?"

असं इचारलं तिनं. सरळ इचारलं. मला ऐकू आलं. मी पट्टा लावला चपलेचा आन् भाईर गेले.

आता भागलं तुमचं? ठिवा ती वही पिशवीत. कोर्टात ह्यातलं काय बी मी म्हननार न्हाई, आदीच सांगते. रिटायर व्हायला चार वर्सं ऱ्हायलीत माजी. दिराच्या बसा हायेत. मला हुबं करा, शपथ घाला, मी म्हननार सांगितलं होतं. तुमी एकट्या ऐकलंय, तुमच्याकडं काय पुरावा हाय? डबी घेऊन जा तुमची. च्या ऱ्हायला, ऱ्हाऊ द्या, मी टाकते मोरीत. ...कुनाला? तिला? मी निरोप देऊ? काय म्हनून देऊ? तिनं सोताच धाडलंय तुमाला हितं? काकूला इचारा, काकू खरं सांगंल, असं म्हनली?

न्हाई. काय निरोप न्हाई माजा. आमचं बोलनं बंद हाय. निघा तुमी, दार लोटून घ्या.